टिटव्यांसाठी राखलेलं रान

इंग्लंडहून परत आल्याला आता दोन महिने होतील. भेटायला येणारा प्रत्येक जण राजवाड्याचं आणि घड्याळाच्या मनोऱ्याचं विचारतो. दोन्ही पाहिले, बाहेरून. पण मला सांगायचं आहे ते हेरफर्डशर नावाच्या परगण्यातल्या एका पडीक शेताबद्दल. तिथे मी तीन दिवस होते आणि त्यातला बराचसा वेळ मला काहीही कळत नव्हतं.

पिनर

माझा धाकटा भाऊ विनायक लंडनजवळ पिनरला राहतो, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. मी निफाडची. कृषी सहायक म्हणून नोकरीला लागले आणि मंडळ कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झाले. शेवटची वर्षं सगळी द्राक्षांत गेली. परदेशी जाणाऱ्या मालावर कुठलं औषध चालतं, तोडणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, नमुना प्रयोगशाळेला कधी पाठवायचा, हेच काम. त्यामुळे युरोप म्हणजे माझ्या लेखी औषधांची एक यादी होती, आणि इंग्लंड त्या यादीतच कुठेतरी.

पहिल्याच संध्याकाळी मटार सोलताना मी विनायकला म्हटलं, तुमच्या युरोपचे नियम फार कडक बाबा. तो म्हणाला, ताई, आम्ही आता युरोपात नाही. मला हे ठाऊक होतं, बातम्यांत पाहिलं होतं, पण शेतीपर्यंत ते आलं असेल हे डोक्यात आलं नव्हतं. मग त्याने समजावलं. पूर्वी सगळ्या युरोपची शेतीची धोरणं एकत्र ठरत, आणि ज्याची जमीन जास्त त्याला सरकारी मदत जास्त. बाहेर पडल्यावर इथल्या सरकारने ते हळूहळू बंद केलं. आता म्हणतात, माती जपा, कुंपणाची झुडपं राखा, पक्ष्यांना जागा ठेवा, त्याचे पैसे देऊ.

"म्हणजे पिकाचे नाहीत?" मी विचारलं.

"पिकाचे बाजार देईल," तो म्हणाला आणि बायकोकडे, शुभदाकडे, एकदा बघून पुन्हा मटार सोलायला लागला. बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं की विरुद्ध, हे त्याने बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. तो विषय त्या घरात तिथेच थांबतो.

त्यांची मुलगी अनया तिथलीच जन्मलेली. शेतीची पदवी घेऊन बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत सल्लागार आहे. शेतकऱ्यांच्या घरी जायचं, कुठली सरकारी योजना त्यांना लागू पडते ते सांगायचं, फॉर्म भरून द्यायचा. म्हणजे जे मी केलं तेच. आमच्या घरात शेतीच्या वाटेला गेलेल्या आम्ही दोघीच, म्हणून तिचा माझ्यावर जीव. तिला आईने लहानपणी मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं एवढं पक्कं शिकवलं, पण पुढचं क्रियापद शिकवायचं राहिलं.

"आत्या, तुम्ही येशील माझ्याबरोबर?" तिने विचारलं. "फार्मवर. दोन रात्री राहायचं. तिथली मार्गारेट व्हेजिटेरियन पण करते."

मी हो म्हटलं. ती इतक्या आग्रहाने का नेते आहे हे तेव्हा कळलं नाही. लंडनच्या ईलिंग भागातल्या दुकानातून कैऱ्या आणल्या होत्या, त्यांची चटणी एका बरणीत भरून घेतली. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही, मग ते घर कुठेही असो.

हेरफर्डशर

वाटेत दोन्ही बाजूंना पिवळं धमक मोहरीसारखं पीक आणि मेंढ्या. रानात माणूस म्हणून दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात शेतात कुणी नसतं ते उन्हामुळे. इथे हवा अशी की दिवसभर खुरपत बसावं, आणि तरी कुणी नाही.

प्रवास तीन तासांचा. शेवटच्या अर्ध्या तासात अनयाने गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि सांगितलं.

ह्यू आणि मार्गारेट ही भावंडं. दोघंही सत्तरीच्या पुढची. ह्यूने लग्न केलं नाही, मार्गारेट नवरा गेल्यावर माहेरी परतली. मेंढ्या, थोडं जव, थोडी सफरचंदाची बाग. नव्या योजनेत एक काम असं होतं की एखादं शेत वसंताच्या सुरुवातीला उकरून उघडं ठेवायचं, काहीही पेरायचं नाही, म्हणजे तिथे लॅपविंग नावाचे पक्षी अंडी घालतात. त्याचे सरकार पैसे देतं. अनयाने हिवाळ्यात ह्यूला पटवलं. पण अर्ज लगेच केला नाही, कारण सरकारी नकाशात त्यांच्या शेताची हद्द चुकीची होती. ती म्हणाली, आधी नकाशा दुरुस्त करून घेऊ, मग सगळ्या शेताचा एकदम अर्ज करू, घाई नाही. ह्यूने तिच्या शब्दावर जव पेरलं नाही. आणि एका संध्याकाळी सरकारने जाहीर केलं की नवे अर्ज बंद.

"मग तू त्यांना काय सांगितलंस?"

"ईमेल केला. तीन वीक्स झाले. रिप्लाय नाही आला." ती स्टिअरिंगकडे बघत होती. "आत्या, तो माझा चूक आहे."

चूक कुणाची हेच मला समजत नव्हतं. नकाशा सरकारचा, योजना सरकारची, बंद सरकारने केली. पण पेरू नका असं सांगणारा आवाज तिचा होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, चल, उशीर होतोय.

घर दगडी, बैठं, अंगणात दोन कुत्री. मार्गारेट उंच, हाडापेराने मजबूत, पांढरे केस मुलासारखे कापलेले. तिने माझ्या हातातली बरणी घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि टेबलावर मध्यभागी ठेवली. ह्यू जेवायला आला तेव्हा मान हलवून बसला. फ्लॉवरवर चीज घालून भाजलेलं होतं, आणि नंतर रुबार्ब म्हणून एक गोड पदार्थ. आपल्या अळूच्या देठासारखे लाल देठ, चव अंबाडीसारखी आंबट, आणि त्यावर साखर नि पिठाचा चुरा. भाजीचं गोड करतात हे पचायला मला वेळ लागला. ह्यूने मात्र माझी कैरीची चटणी पावावर लावून खाल्ली आणि दुसऱ्यांदा घेतली. ईमेलचा विषय निघाला नाही. अनयाने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मार्गारेटने तिला आणखी वाढलं.

अंगणाच्या कडेचं गवत

तिथे मे महिन्यात पहाटे साडेचारला उजाडतं. मला अंथरुणात पडून राहवत नाही. बाहेर आले तर भिंतीलगत लांबच लांब पट्टा तणाने माजलेला. दोघं म्हातारी माणसं, होत नसेल त्यांच्याच्याने, असं मनात आलं. पदर खोचला आणि बसले निंदायला. तासाभरात दोन हात रुंद आणि चांगला लांब पट्टा स्वच्छ केला, उपटलेल्याचा ढीग घातला. माती काळीभोर, ओलसर, गांडुळांनी भरलेली. हात लावल्यावर जीव सुखावला.

मार्गारेट चहाचा मग घेऊन बाहेर आली आणि ढिगाकडे बघत राहिली. मग खाली बसून तिने एकेक रोप वेगळं करायला सुरुवात केली. ते तण नव्हतं. मधमाश्यांसाठी तिने हाताने पेरलेलं फुलांचं बी होतं, अजून कळ्या धरायच्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोडक्या इंग्रजीत माफी मागितली. तिने हिरवी होती ती रोपं बादलीत पाणी घालून ठेवली आणि म्हणाली की संध्याकाळी परत लावू, काही धरतील. वर असंही म्हणाली की तिच्या वडिलांनी पाहिलं असतं तर त्यांनीही हेच केलं असतं, त्यांच्या मते शेतकऱ्याची लाज बांधावर दिसते. आमच्या वडिलांचंही तसंच होतं, हे मी तिला सांगितलं.

नंतर ह्यूने शेत दाखवलं. शेताच्या खालच्या अंगाने एक ओढा वाहतो. त्याच्या पलीकडे वेल्स. अलीकडे इंग्लंडचे नियम, पलीकडे वेल्सचे. गवत तेच, मेंढ्या त्याच जातीच्या, पण फॉर्म वेगळा, खातं वेगळं, मुदत वेगळी. मी विचारलं, मग युरोपचे नियम कुणाला लागतात? तो म्हणाला, कोकरू फ्रान्सला विकलं तर त्या कोकराला. मी त्याला निफाडच्या द्राक्षांचं सांगितलं. माझा शेतकरी युरोपात कधीच नव्हता, तरी त्याने जन्मभर युरोपचे नियम पाळले. ह्यू थांबला, माझ्याकडे नीट बघितलं. त्या दिवसात त्याने मला पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

मग आम्ही त्या शेताशी आलो. सगळं रान हिरवंगार, आणि मध्ये हे एक उघडं, ढेकळांचं, अधूनमधून खुरटं गवत. निफाडच्या माणसाला असं रान पाहून कसंतरी होतं. पेरायची जमीन, पाणी आहे, माती आहे, आणि रिकामी. मी कुंपणाशी उभी राहिले तेवढ्यात एक पक्षी ओरडत डोक्यावरून गेला. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. रूप वेगळं, पण ओरडणं ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं.

"ही तर टिटवी," मी अनयाला म्हणाले.

आपली टिटवी नव्हे, तिची इंग्लंडमधली बहीण. तीही उघड्या जमिनीवर, ढेकळांत अंडी घालते. कितीतरी वर्षांनी त्या आल्यात, ह्यू सांगत होता. लहानपणी होत्या, मग गेल्या. शेत उघडं ठेवल्यावर पंधरा दिवसांत आल्या. फॉर्म बंद झाल्याचं त्यांना कुणी कळवलं नाही.

हे त्याने हसून सांगितलं नाही. पुढे म्हणाला की जव पेरायचा हंगाम गेला, पण हिवाळ्यात मेंढ्यांना चारा लागणार. म्हणून उद्या सकाळी शेत नांगरून तो सलगमचं, म्हणजे मुळ्यासारख्या कंदाचं, बी टाकणार आहे.

स्वयंपाकघर

संध्याकाळी चहाच्या वेळी मार्गारेटला हे कळलं. तिने भावाला सांगितलं की अंड्यांवर नांगर घालायचा नाही. ह्यूचं म्हणणं, ज्यांना पक्षी हवे होते त्यांनी हात वर केले, आता मेंढ्यांना काय पक्षी खायला घालू? मार्गारेट म्हणाली, पक्षी मला हवे आहेत. दोघांचेही आवाज चढले नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. आमच्याकडे एवढ्यात शेजारी येऊन बसले असते.

मग अनया बोलली. इंग्रजीत, भराभर. मला बरंचसं कळलं. की तिने थांबायला सांगितलं, की तिला वाटलं होतं वेळ आहे, की ती दिलगीर आहे. मार्गारेट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "योजना बंद झाल्याचा मला राग नाही. सरकारं असंच करतात. तू ईमेल केलास, त्याचा आहे. या टेबलाशी बसून तू पेरू नका म्हणालीस. मग दुसरी गोष्टही इथेच बसून सांगायची होती."

अनयाचा चेहरा उतरला. ह्यू कपात बघत होता. मध्येच त्याने मला विचारलं की तुम्हीही सरकारी नोकरीत होता ना, तुम्ही काय केलं असतं?

माझं इंग्रजी तिथे संपलं. मी अनयाला म्हटलं, मी मराठीत सांगते, तू त्यांना सांग.

मी सांगितलं की मी नोकरीला नवी असताना सिन्नरच्या बाजूला एका गावात शेततळ्याची योजना होती. भागाबाई म्हणून एक बाई होत्या, घरची शेती एकट्या बघायच्या. मी त्यांना म्हटलं, पावसाच्या आधी खोदून घ्या, मंजुरी मागून येईल, मी बघते. त्यांनी शेतातली चांगली जागा बघून खोदलं. आणि तालुक्याचा लक्ष्यांक संपला. मंजुरी आलीच नाही.

अनया थांबली. "आत्या, लक्ष्यांक म्हणजे?"

"सरकारने ठरवलेला आकडा. तेवढी तळी झाली की पुढच्याला नाही."

तिने ते सांगितलं. ह्यूने मान डोलावली. हे त्याला लगेच समजलं.

"मग त्या बाईंना तुम्ही काय सांगितलंत?" मार्गारेटने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "माझी बदली झाली. कचेरीतून पत्र गेलं असेल. मी त्या रस्त्याने पुढे कितीदा तरी गेले. फाट्यावर वळले नाही. हिने तीन आठवडे लावले. मी अजून गेलेली नाही."

हे वाक्य सांगताना अनयाचा आवाज अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं तिने. माझीच गोष्ट मी तिच्या तोंडून परक्या भाषेत ऐकत होते आणि मला वाटत होतं की हे मी विनायकलाही कधी सांगितलेलं नाही. इथे, ज्यांना कालपर्यंत ओळखत नव्हते त्यांच्यासमोर का सांगितलं, मला अजून कळत नाही.

मार्गारेटने उठून माझ्या कपात चहा ओतला. दूध न विचारता घातलं, हवं तेवढं.

पडीक रान

सकाळी ह्यूने ट्रॅक्टर काढला. मार्गारेट गोठ्यातून बांबूच्या काठ्यांची मोळी घेऊन आली, बागेत वाटाण्याला लावतात तशा. आम्हाला दोघींनाही तिने थोड्या थोड्या दिल्या. ह्यू शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर बंद करून बसून राहिला. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

आम्ही तिघी घरटी शोधत, खुणेला काठी रोवायची म्हणून, ओळीने चालायला लागलो. टिटव्या डोक्यावर येऊन ओरडत होत्या. घरटं म्हणजे खळगा नुसता, मातीच्या रंगाची चार अंडी, पाय पडेपर्यंत दिसत नाही. मार्गारेटला दोन घरटी सापडली, अनयाला एक. एक टिटवी लंगडत, पंख ओढत अनयाच्या पुढे पुढे जायला लागली आणि अनया तिच्या मागे निघाली. मी तिला हाक मारली. आमच्या शेतावर वखर चालवताना वडील दाखवायचे: टिटवी जिकडे नेते तिकडे जायचं नाही, ती उठली कुठून ते बघायचं. मी उलट्या दिशेने, वाकून, पावलं मोजत गेले. चौथं घरटं तिथे होतं. त्यातल्या एका अंड्याला बारीक तडा गेला होता आणि आतून काहीतरी टोचत होतं. मी काठी रोवली.

ह्यूने नांगरायला सुरुवात केली. प्रत्येक काठीभोवती तो वळसा घालायचा. पहिले वळसे लहान होते. मग मोठे झाले. दोन काठ्यांच्या मधली जागा त्याने तशीच सोडली. न्याहारीच्या वेळेपर्यंत निम्मंही शेत नांगरून झालं नव्हतं, आणि त्याने ट्रॅक्टर घरी नेला. मार्गारेटने विचारलं तेव्हा म्हणाला की वरच्या अंगाला तो नीट वळत नाही. चारा कमी पडला तर काही मेंढ्या शरदात विकाव्या लागतील, हेही त्याने त्याच आवाजात सांगितलं. मार्गारेटने मान हलवली. म्हणजे हा प्रश्न सुटला की नाही, हे मला विचारू नका.

निघताना त्याने अनयाशी हात मिळवला. योजना पुन्हा उघडली तर ये, म्हणाला. नकाशा तेवढा दुरुस्त करून ठेव. माझ्याशीही हात मिळवला आणि चटणी कशाची होती ते विचारलं. मी सांगितलं, कच्च्या आंब्याची. त्याने विश्वास बसत नसल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग अनयाने विचारलं, "तो रागावलेला आहे का अजून?"

"आहे," मी म्हटलं. "राहील थोडे दिवस."

तिने मान डोलावली. पुढे एका वळणावर, जिथे लंडनची पाटी उजवीकडे दाखवत होती, तिथे तिने गाडी कडेला घेतली.

"आत्या, अजून तीन फार्म्स आहेत. त्यांना पण मी थांबा म्हटलं होतं. त्यांना पण ईमेलच केलाय." तिने फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. "जवळचा इथून चाळीस मिनिट्स आहे. तिथे लहान मुलं आहेत, नवरा-बायको नवीन आहेत फार्मिंगमध्ये. ते ओरडतील."

"ओरडू देत."

"तुम्ही येशील?"

मी विनायकला निरोप पाठवला की आज जेवायला वाट बघू नका. अनयाने नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, मागे मूल रडत होतं. अनयाने आपलं नाव सांगितलं. मग अनया म्हणाली की तिला काही सांगायचं आहे, पण फोनवर नाही, ती आज येते आहे, तासाभरात.

फोन ठेवून तिने आरशात बघितलं, गाडी वळवली आणि आम्ही डावीकडे निघालो.